पाळकसाहेबांचं झाड आणि आपली रिकामी फांदी

आदरणीय आत्या,

तुझ्या भाच्याचा सप्रेम सलाम. देवाच्या दयेने इकडे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत, आणि ज्यांना उभं राहवत नाही ते बसल्या जागेवरून हुकूम सोडत आहेत (हे कोणाबद्दल ते तू ओळखलंच असशील, त्यांचा विषय तुझ्यापुढे काढायचा नाही हा घरचा जुना नियम मी होईल तेवढा पाळतो). तुझा गुडघा कसा आहे? मागच्या कार्डात तू लिहिलं होतंस की उजवा शांत झाला आणि आता डाव्याने त्याचा कारभार हाती घेतला. तेल चोळतेस की नुसती बाटली खिडकीत ठेवतेस? तुझी भाचेसून म्हणते, गुडघा आणि नवरा यांच्याकडे लक्ष दिलं तरी कुरकुरतात आणि नाही दिलं तरी कुरकुरतात, तेव्हा तेल वाचवलेलं बरं. तुझा टेबलफॅन चालतो आहे ना? मी जिन्याखालच्या त्या खोपटात धंदा सुरू केला तेव्हा बांधलेली ती माझी पहिली मोटर. तो वारा मागे फेकतो म्हणून तू त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसायचीस आणि आल्यागेल्याला सांगायचीस की भाच्याने बांधून दिलाय, थोडं जमवून घ्यावं लागतं. आज दुकानाला काचेचं दार आहे, हाताखाली माणसं आहेत, पण ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

पत्र लिहिण्यास कारण की, विशेष काही नाही. (काम असल्याशिवाय हा पत्र लिहीत नाही, असं तू चष्मा पुसता पुसता म्हणशील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सहज लिहितो आहे.)

तर आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळकसाहेब आले आहेत. तरुण आहेत, गोड बोलतात, आणि कुठलीही गोष्ट पडद्यावर दाखवल्याशिवाय त्यांना ती खरी वाटत नाही. आल्या आल्या त्यांनी उपदेश केला की देव आपल्या प्रत्येकाला नावानिशी ओळखतो, पण आपल्याला आपल्या पणजोबांचं नाव तरी सांगता येतं का. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मान खाली घालणं हे आमच्या मंडळीत सोपं काम समजतात, त्यात उठावं लागत नाही. मग त्यांनी जाहीर केलं की मंडळीच्या वर्धापनदिनापर्यंत प्रत्येक घराने आपला इतिहास जमवायचा. सभागृहाच्या भिंतीवर प्लायवुडचं एक भलंमोठं झाड उभं राहिलं. प्रत्येक घराला एक फांदी, फांदीवर माणसागणिक एक चौकट, आणि चौकटीत नाव लिहायचं. आपल्या घरालाही फांदी आहे, आत्या. खाली मी, तुझी भाचेसून आणि पोरं. त्यावर बाबा आणि शेजारी तू (भिंतीवर तुम्हा दोघांना एकमेकांना लागून बसवलं आहे, त्याला माझा इलाज नव्हता). आणि त्यावर आजोबा. आजोबांशेजारी एक चौकट कोरी आहे. तिचं पुढे सांगतो.

रविवारमागून रविवार गेले, झाड काही पालवेना. बेकरीवाल्यांपैकी कोणीतरी त्यावर ओली छत्री अडकवली तेवढीच काय ती हालचाल. शेवटी पाळकसाहेब एक दिवस माझ्या दुकानात आले, बिघडलेला मिक्सर घेऊन. मी नेहमीसारखं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मिक्सर चालू केला. (तुला ठाऊकच आहे, आमच्या धंद्यात डोळ्यांना फार किंमत नाही. बेअरिंग गेलं की मोटर दम लागल्यासारखी बोलते, कॉइल जळायला आली की गुणगुणते, आणि गिऱ्हाईक खोटं बोलत असलं की तेही साधारण तसंच गुणगुणतं.) पाळकसाहेब बघत राहिले. म्हणाले, तुम्ही ऐकता. आपल्या मंडळीत बोलणारे पुष्कळ, ऐकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतो आहे. ज्याचा मिक्सर आपल्या टेबलावर उघडा पडला आहे त्याने केलेली स्तुती जपून घ्यावी, एवढं मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मिक्सर गेला आणि काम राहिलं. लोकांना त्यांच्या घराचा इतिहास सुरू करून देणारा म्हणून माझी नेमणूक झाली, आणि ती पुढच्या रविवारी पडद्यावर फोटोसकट दाखवण्यात आली. फोटोत मी शिंकतो आहे.

उपासनेनंतर सभागृहात चहाच्या टेबलाशेजारी मी खुर्ची टाकून बसायला लागलो. जागा मुद्दाम ती घेतली. चहा सोडून कोणी घरी जात नाही, आणि कप हातात असताना पळताही येत नाही. येणारे दोन तऱ्हेचे. एक ज्यांना काहीच माहीत नाही, आणि दुसरे ज्यांना नको तेवढं माहीत आहे. दुसऱ्यांत बेकरीवाले पहिले. त्यांचे कोणी पूर्वज सेनापती होते म्हणे, पांढऱ्या घोड्यावरून नदी पार करून आले. कोणती नदी, ते सांगता येईना; कोणाचं सैन्य, तेही धूसर; पण घोड्याचं नाव मात्र त्यांना तोंडपाठ होतं. मी म्हटलं, फार छान, आता तुमच्या आजीचं नाव सांगा. बेकरीवाल्यांनी बिस्किट चहात बुडवलं, ते विरघळून तळाशी गेलं, तरी नाव वर येईना. शेवटी म्हणाले, आजीला आम्ही आजी म्हणायचो. घोड्याला नाव आणि आजीला नाही.

मी हसलो नाही. (मनात हसलो.) पण त्या रविवारी आणि पुढच्या रविवारी जे कागद माझ्याकडे आले ते वाचल्यावर हसू आपोआप थांबलं. पुरुषांची नावं भराभर लिहिलेली, काहींच्या पदव्यांसकट, आणि बायकांच्या चौकटीत आजी, माई, बाई, मोठी आई, पलीकडची आजी, आणि एका घराचं तर नुसतंच ‘ती’. पाळकसाहेबांनी मोठ्या हौसेने हे सगळं तसंच्या तसं झाडावर चढवलं. आता झाड लांबून पाहिलं तर वाटावं, सगळी मंडळी एकाच म्हातारीची नातवंडं आहेत आणि तिचं नाव आजी होतं. पाळकसाहेबांना ते आध्यात्मिक वाटलं. मला ते आमच्या गिऱ्हाइकांसारखं वाटलं, जे मोटर आणून ठेवतात आणि म्हणतात, काही नाही झालं, फक्त चालत नाही.

तेव्हा मी माझी दुकानातली रीत काढली. आत्या, बिघाड काय झाला हे गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं. त्याला ते माहीत नसतं, आणि माहीत असलं तर तो लपवतो. विचारायचं ते हे की शेवटचं कधी चालली होती आणि तेव्हा घरात कोण कोणावर ओरडत होतं. माणसांचंही तसंच. आजीचं नाव विचारलं की मंडळी छताकडे बघतात. मी विचारायला लागलो, तुमच्या घरात कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे? बघता बघता सभागृहातले पंखे नको झाले, इतका वारा सुटला. ज्यांना सख्ख्या मामाचं गाव आठवत नव्हतं त्यांना मामाने कोणत्या लग्नात कोणत्या पंक्तीत पाठ फिरवली ते आठवलं, वर त्याने घातलेल्या कोटाचं कोणतं बटण तुटलं होतं तेही आठवलं. प्रेमाची माणसं आपण विसरतो, पण अबोला धरलेल्या माणसाला रोज उठून उजाळा द्यावा लागतो, म्हणून तो टिकतो. (हे वाक्य पाळकसाहेबांनी पुढच्या उपदेशात वापरलं. माझं नाव न घेता. मी ऐकलं.)

सगळ्यात आधी यश आलं ते नर्सबाईंकडे. या निवृत्त आहेत, डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावर बसतात, आणि इंजेक्शन द्यायच्या आवाजात गाणी म्हणतात. त्यांचे मावसभाऊ शिंपी आहेत, ते उजव्या बाजूला शेवटच्या बाकावर बसतात. दोघांत बोलणं नाही, हे मंडळीत सगळ्यांना माहीत, कशावरून ते कोणालाच नाही. मी विचारल्यावर बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि कहाणी सुरू केली. आजी गेल्यावर तिचं आरशाचं कपाट शिंपीदादांच्या घरी गेलं, आणि ते त्यांच्या घरचं नव्हतंच, ते आजीने माहेरहून आणलेलं होतं, त्याच्या आत खिळ्याने तिने स्वतःचं नाव कोरलेलं होतं, आणि असं म्हणता म्हणता रागाच्या भरात बाईंच्या तोंडून आजीचं नाव निघालं. माहेरच्या आडनावासकट. निघालं आणि बाई थांबल्या. इतक्या वर्षांत ते त्यांनी उच्चारलं नव्हतं. मी नुसती पेन्सिल पुढे केली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मग मला विचारलं, त्याच्याकडे तिचा एखादा फोटो असेल का हो? पुढच्या रविवारी त्या उजव्या बाजूच्या शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. कपाटाचं भांडण अजून चालू आहे, पण शेजारी बसून भांडायचं असल्यामुळे आता आवाज कमी लागतो.

यश आलं की माझ्यासारख्या माणसाचं डोकं फिरतं. मी रीत सगळ्यांना शिकवली, आणि लोकांनी ती माझ्याशिवाय घरोघरी वापरायला सुरुवात केली. परिणाम असा की जे अबोले लोक विसरून गेले होते तेही शोधून काढण्यात आले. खजिनदारांना आठवलं की त्यांनी आपल्या मेव्हण्याला कधी माफच केलेलं नाही, फक्त मध्ये राहून गेलं होतं. गायकवृंदातल्या दोन जावा मधला सूर सोडून उभ्या राहायला लागल्या. पाळकसाहेबांनी मला आत बोलावून दार लावून विचारलं की आपण इतिहास जमवतो आहोत की पेटवतो आहोत. मी म्हटलं, साहेब, झाडाकडे बघा. झाडावरच्या बहुतेक आज्यांना नावं मिळाली होती. लांबलचक, जुन्या वळणाची, कोणी आता पोरींना ठेवत नाही अशी नावं. पाळकसाहेबांनी ती एकेक करून वाचली, आणि तिथेच त्यांच्या डोक्यात कल्पना आली, जिची मला खरी भीती होती. वर्धापनदिनाच्या उपासनेत प्रत्येक घराने उभं राहायचं आणि आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या बाईचं नाव मोठ्याने घ्यायचं. सुरुवात अर्थातच ज्याने सगळ्यांना मदत केली त्याच्या घरापासून. नर्सबाई झाडासमोर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या घराच्या फांदीवरची कोरी चौकट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि सुई टोचायच्या आधी म्हणतात तसं हळूच म्हणाल्या, ‘तुमच्या आजीला तर तुम्ही आजीसुद्धा म्हटलं नाहीत हो.’

खरं आहे. ती गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो, आत्या. दफनाच्या नोंदी पाहिल्या, तिथे आजोबांचं पूर्ण नाव आणि पुढे ‘यांची विधवा’ एवढंच आहे. कबरेवरचा लाकडी क्रूस केव्हाच वाळवीने खाल्ला. जुन्या गल्लीत एक म्हाताऱ्या शेजारीणबाई अजून आहेत, त्यांना भेटलो. त्यांना आजी स्पष्ट आठवते, तिची चाल, तिचा खोकला, कुंपणावर वाळत घातलेल्या चादरी, सगळं. पण सगळी गल्ली तिला तुझ्या नावाने अमकीची आई म्हणूनच हाक मारायची. तू थोरली, तेव्हा नाव तुझं चाललं आणि तिचं बुडालं.

राहिले बाबा. (नियम मोडतो आहे, माफ कर, पण त्यांना गाळून पुढची गोष्ट सांगता येत नाही.) ते खिडकीशी खुर्चीत बसलेले असतात, आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस चुकीच्या बाजूने का चालतो हे आम्हाला सांगत असतात. मी आजीचं नाव विचारलं. म्हणाले, आईला आई म्हणायचो, आईला हाक मारायला नाव कशाला लागतं. मग मी माझी रीत लावली. स्क्रू-ड्रायव्हर कानाला, म्हण. विचारलं, बाबा, आत्याशी बोलणं बंद का झालं? आणि त्यांनी सुरुवात केली ती दुपारची झोप टळली तरी संपेना. तुझी बाजू मला कोणी कधी सांगितलेली नाही, त्यांची मात्र आता मला पाठ आहे. आजीला एक गीत आवडायचं, आणि तिच्या दफनाच्या दिवशी तेच म्हणायचं ठरलं. पुस्तकात त्याची जी चाल आहे तिच्यात तिसरी ओळ शेवटी खाली उतरते. तुझं म्हणणं, आई घरात म्हणायची तेव्हा ती तिसऱ्या ओळीला वर चढायची, आणि तिला पोचवायचं तर तिच्याच चालीने. बाबांचं म्हणणं, हार्मोनियमवर ते बसले आहेत, पुस्तक समोर आहे, आणि अशी वर चढणारी चाल आईने कधी म्हटल्याचं त्यांनी ऐकलेलंच नाही. मग गीत सुरू झालं, तिसरी ओळ आली, बाबा खाली उतरले आणि तू उभी राहून वर चढलीस. अर्धी मंडळी तुझ्यामागे, अर्धी हार्मोनियममागे. दोन्ही चालींचा वेग वेगळा, आणि शवपेटी उचललेल्या चौघांपैकी पुढचे दोघे तुझ्या तालावर निघाले आणि मागचे दोघे बाबांच्या. दारापर्यंत पोचायला आजीला आयुष्यात कधी लागला नसेल एवढा वेळ लागला. त्यानंतर तुम्ही दोघं बोलला नाहीत, आणि बाबांनी हार्मोनियम माळ्यावर टाकली. एवढं सगळं त्यांनी सांगितलं, कोण कुठे उभं होतं, कोणाचा जोडा निसटला, पण नर्सबाईंच्या तोंडून निघालं तसं नाव काही निघालं नाही. प्रत्येक वेळी आई, आई आणि आई. मोटर सगळी उघडली, तार न् तार सोडवली, आणि बिघाड हाती लागला नाही. शेवटी मला म्हणाले, एवढी नड असेल तर जिला चाली ठाऊक आहेत तिला विचार.

असो. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं मनावर घेऊ नये (त्यांचं, तुझं नव्हे). दुकान ठीक चाललं आहे. पोरं ठीक आहेत, धाकटी आता गायकवृंदात आहे, आवाज चांगला आहे, शिस्त नाही. तुझ्या शेजाऱ्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल काढली का ते कळव. तेल चोळत जा. भाचेसून आणि नातवंडं तुला फार फार सलाम सांगतात. प्रभू तुला सुखात ठेवो, आणि टेबलफॅनला काही झालं तर परक्याकडे देऊ नकोस.

तुझा नम्र भाचा

ता. क. – सहज लिहितो आहे असं वर म्हटलं ते तितकंसं खरं नाही. वर्धापनदिन तोंडावर आला आहे. दिव्याखाली अंधार ही म्हण मला भर उपासनेत उभं राहून सिद्ध करून दाखवायची नाही, पण माझी फजिती ही काही मोठी गोष्ट नव्हे. बेकरीवाल्यांना तेवढा आनंद होऊ दे. मला आपलं वाटतं की बाई होऊन गेली, तुम्हा दोघांना वाढवलं, एवढं गात होती, आणि ती कोण होती हे सांगायला आता जगात एकटी तू उरली आहेस. उलट टपाली कार्डावर आजीचं नाव तेवढं लिहून पाठव. दुसरं काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ता. क. दुसरा – हे लिहू की नको असा विचार करत होतो. बाबा रोज सकाळी दाढी करताना काहीतरी गुणगुणतात. मी आजवर त्याकडे लक्ष दिलं नव्हतं, घरातल्या मोटरीचा आवाज कोण ऐकतो. परवा त्यांनी ती कहाणी सांगितल्यापासून मी बाथरूमच्या दाराशी टॉवेल घड्या करत उभा राहतो. गीत तेच आहे. तिसऱ्या ओळीला वस्तरा हनुवटीखाली थांबतो, आणि चाल वर चढते. तुझ्या स्वयंपाकघरात तू भांडी लावताना चढते तशीच, तितकीच. माझे कान या बाबतीत चुकत नाहीत.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवायच्या आधी हे पत्र टेबलावर ठेवून मी दुकानात गेलो होतो. परत आलो तर बाबा चष्मा लावून ते वाचत होते. सगळं वाचलं, दाढीपर्यंत. मी ओरडा खायच्या तयारीत उभा राहिलो. त्यांनी कागद नीट घडीवर घडी घालून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ‘आईचं नाव मला माहीत आहे.’ मी विचारलं, मग सांगितलं का नाही? म्हणाले, ‘सांगितलं असतं तर तू तिला पत्र लिहिलं असतंस का?’ शिवाय ती थोरली आहे, तिच्याआधी आपण आईचं नाव घेतलं असतं तर ती पुन्हा कधी बोलली नसती, असंही वर म्हणाले (जणू आता रोज बोलते आहे). आत्या, मी मंडळीतल्या प्रत्येक घराचं कान लावून ऐकलं, आणि माझ्याच घरात मला म्हाताऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर लावला. तेव्हा पहिला ता. क. रद्द समज. कार्ड पाठवू नकोस. उपासनेत आपलं घर सगळ्यात आधी उभं राहणार आहे, आणि नाव घ्यायला तूच हवीस. शनिवारी ये, जिना चढावा लागणार नाही, तुझी झोपायची सोय खालीच केली आहे. पत्र या घोळात दोन दिवस पडून राहिलं, कारण बाबांनी हार्मोनियम माळ्यावरून काढायला लावली. भाता फाटला होता, तो मी चिकटवला. संध्याकाळी ते वाजवतात. कोणती चाल वाजवतात ते मी लिहीत नाही. तू आलीस की लगेच बेल दाबू नकोस, दाराबाहेर थोडी उभी राहा, तिसरी ओळ ऐक, आणि मग आत ये.